दुसरा सबवूफर कशासाठी?

सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर. पण घरात ऐकू येतो तो खर्ज जितका सबवूफरचा, तितकाच खोलीचा असतो. पटत नसेल तर पडताळून बघायला पाच मिनिटं पुरतात. चाळीस हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर लावून ठेवायचा आणि खोलीत सावकाश फिरायचं. कोपऱ्यात छातीवर दाब येतो, चार पावलं पुढे आलं की सूर विरतो, पलीकडच्या भिंतीशी पुन्हा उभा राहतो. सबवूफर जागचा हललेला नसतो, व्हॉल्यूमला कुणी हात लावलेला नसतो. बारा इंची कोनाच्या सबवूफरजागी पंधरा इंची आणला तरी हा नकाशा बदलत नाही. जिथे जास्त होतं तिथे आणखी जास्त होतं, जिथे नव्हतं तिथे नसतंच.

यामागचं गणित शाळेतलं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेचा पहिला अनुनाद मिळतो, म्हणजे दोन भिंतींमध्ये आपोआप जोर धरणारा सूर. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच असेल तर लांबीचा पहिला अनुनाद ३४ हर्ट्झला, रुंदीचा ४३ला, उंचीचा ५७ला. मग त्यांच्या पटी. पहिल्या अनुनादात दोन्ही भिंतींशी दाब सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. दुसऱ्यात भिंतींशी आणि मध्यावर जास्त, पण पाव आणि पाऊण अंतरावर शून्य. म्हणजे या खोलीत सोफा लांबीच्या मधोमध ठेवला तर ३४ हर्ट्झ जवळपास गायब, आणि मागच्या भिंतीला टेकवला तर तोच सूर नकोसा होईल इतका. बहुतेक घरांत सोफा भिंतीलाच टेकलेला असतो, म्हणून बहुतेक घरांत बेस ‘फार घुमतो’ अशी तक्रार असते आणि बिचाऱ्या सबवूफरला बोल लागतो.

इथे पहिली उडी इक्वलायझरकडे, म्हणजे वेगवेगळ्या सुरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या सोयीकडे पडते. ती अर्धीच बरोबर आहे. उंचवटा इक्वलायझरने कापता येतो आणि कापावाच. खड्डा मात्र भरता येत नाही. खड्डा पडतो तो थेट आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खोडतात म्हणून. तिथे १० डेसिबल वाढवले तर ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते. थेट लाट वाढते, परतलेलीही तेवढीच वाढते, आणि खोडाखोड पूर्वीसारखीच चालू राहते. हाती येतं ते फक्त धापा टाकणारं ॲम्प्लिफायर आणि शेजारच्या खुर्चीवर भलताच दणका.

खड्ड्यावर उपाय म्हणजे लाट दुसऱ्या जागेवरूनही सोडणं. दुसऱ्या सबवूफरचं खरं काम हे आहे. तो वेगळ्या जागी असतो म्हणून त्याचे खड्डे वेगळ्या ठिकाणी पडतात, आणि दोघांची बेरीज एकट्यापेक्षा सपाट येते. हरमन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली हा प्रश्न नीट हाताळला: आयताकृती खोलीत किती सबवूफर, कुठे ठेवले तर सगळ्या खुर्च्यांवर सारखा बेस मिळतो? उत्तर असं निघालं की चार भिंतींच्या मध्यावर चार ही मांडणी उत्तम, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ही तिच्या अगदी जवळ, आणि चारच्या पुढे संख्या वाढवून पदरात फारसं काही पडत नाही. प्रश्नातला ‘सगळ्या खुर्च्यांवर’ हा भाग महत्त्वाचा. एकट्याने एकाच खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला एक सबवूफर, योग्य जागा आणि इक्वलायझर एवढ्यावर भागवता येतं. तिघंचौघं बसणार असतील तर नाही, कारण इक्वलायझर सर्वांसाठी एकच असतो आणि खुर्च्या वेगवेगळ्या.

मध्य का चालतो, हे एकदा समजलं की जागा पाठ कराव्या लागत नाहीत. लांबीच्या पहिल्या अनुनादात पुढच्या भिंतीशी हवा दाबली जाते तेव्हा मागच्या भिंतीशी ती विरळ होत असते. दोन्ही भिंतींवरचे सबवूफर एकाच वेळी दाबू लागले तर एकाने उभा केलेला अनुनाद दुसरा मोडतो. ३४ हर्ट्झचा तो उंचवटा जन्मालाच येत नाही. शिवाय दोघंही रुंदीच्या मध्यावर, म्हणजे रुंदीचा पहिला अनुनाद जिथे शून्य असतो तिथे उभे, त्यामुळे ४३ हर्ट्झलाही चिथावणी मिळत नाही. एकाच मांडणीत दोन उंचवटे गेले. दुसऱ्या पटीचे अनुनाद मात्र शाबूत राहतात, कारण त्यात दोन्ही भिंती एकत्रच दाबतात. त्यासाठी सोफा मागच्या भिंतीपासून लांबीच्या बरोबर पाव अंतरावर येऊ द्यायचा नाही. या खोलीत तो सव्वा मीटरवर आला तर ६९ हर्ट्झला खड्डा पडेल.

मागे सबवूफर ठेवायला जागाच नाही, हे नेहमीचं. मग दोन्ही पुढच्या भिंतीशीच, पण डावीकडून पाव आणि पाऊण अंतरावर: ४ मीटरच्या भिंतीवर १ मीटर आणि ३ मीटर. रुंदीचा पहिला अनुनाद इथे परस्पर मोडतो, दुसऱ्याची शून्यं नेमकी याच दोन जागांवर आहेत म्हणून तो उठत नाही, आणि तिसराही विरुद्ध कलेमुळे (कला म्हणजे फेज, लाटेच्या चढ-उताराची वेळ) मोडतो. शेजारशेजारच्या खुर्च्यांमधला फरक कमी करायला यासारखी स्वस्त युक्ती नाही. लांबीच्या अनुनादांवर मात्र तिचा काडीचाही परिणाम नाही. ते इक्वलायझरने कापायचे आणि सोफा पुढेमागे सरकवून बघायचं. टीव्हीच्या दोन बाजूंना कोपऱ्यात एकेक हा जो सर्रास प्रकार दिसतो, त्यात रुंदीचा पहिला आणि तिसरा अनुनाद मोडतो पण दुसरा जोरात उठतो.

आणि दोन सबवूफर एकावर एक किंवा चिकटून ठेवले तर? आवाज ६ डेसिबलने वाढतो, नकाशा जसाच्या तसा. एकाच सबवूफरची ताकद अपुरी पडत असेल तर हेही करावं, पण मग एकसारख्या बेसची अपेक्षा ठेवू नये.

या सगळ्याची किंमतही असते. अनुनाद मोडले म्हणजे खोलीची फुकटची मदत गेली. कोपऱ्यातला सबवूफर सर्वांत जोरात वाजतो, भिंतीच्या मध्यावरचा त्याहून कमी. पहिल्या दिवशी बेस ‘गेला’ असं वाटतं. तो गेलेला नसतो, सपाट झालेला असतो. थोडी पातळी वाढवून दोन दिवस ऐकावं. आणि इंग्रजी एलच्या आकाराच्या किंवा एका बाजूने उघड्या खोलीत वरचा हिशेब लागू पडत नाही, तिथे मोजूनच जागा ठरवावी लागते. जुनी रीत तिथे उपयोगी पडते: सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, खर्जातला भाग वाजवायचा, आणि जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे तिथे वाकून ऐकायचं. जिथे सूर सारखे आणि स्पष्ट लागतात ती जागा. रांगताना दिसायला हास्यास्पद, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी चोख, कारण ध्वनीचा मार्ग उलटा केला तरी तोच राहतो.

दोन्ही सबवूफर एकाच मॉडेलचे घ्यावेत, असा आग्रह मी धरेन. घरात आधीचा आठ इंची आहे, त्याच्या जोडीला बारा इंची आणला, असं करणाऱ्यांची पंचाईत सुरुवातीला कळत नाही. पातळी तेवढीच ठेवून सुराची वारंवारता निम्मी केली तर कोनाला चौपट हलावं लागतं. त्यामुळे तिशीखाली आठ इंचीचा दम संपतो, पण रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं मुख्य यंत्र) दोघांना एकच सिग्नल पाठवतो. मोठा मजेत असतो आणि धाकटा खडखडत असतो. त्यातून एक बंद पेटीचा आणि दुसरा पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेची नळी असलेला असेल तर गोष्ट आणखी बिघडते. पोर्टवाल्याची कला त्याच्या पोर्टच्या वारंवारतेजवळ झपाट्याने फिरते, आणि त्याखाली दोघं एकमेकांविरुद्ध वाजू लागतात. दोन असून एकापेक्षा कमी बेस. नाइलाजाने अशी जोडी ठेवायचीच असेल तर धाकट्याला त्याच्या कुवतीच्या खाली जाऊ न देणारा हाय-पास फिल्टर वेगळा लावावा. त्यासाठी मिनीडीएसपीसारखं स्वतंत्र यंत्र मध्ये घालावं लागतं.

आता जोडणी. रिसीव्हरच्या पाठीवर सबवूफरची दोन छिद्रं आणि खोक्यावर ७.२ (सात स्पीकर, दोन सबवूफर) लिहिलेलं असलं म्हणजे दोन स्वतंत्र आउटपुट असतातच असं नाही. पुष्कळ रिसीव्हरमध्ये आतून तो एकच सिग्नल दोन जागी काढलेला असतो, बाजारातल्या वाय केबलसारखा. ओळखायची खूण सोपी: सेटअपच्या मेन्यूत सबवूफर १ आणि सबवूफर २ यांचं अंतर आणि पातळी वेगवेगळी दिसते का? दिसत असेल तर स्वतंत्र. दिसत नसेल तर दोन्ही सबवूफर सोफ्यापासून सारख्या अंतरावर ठेवण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे वेगळ्या विलंबाची गरजच पडत नाही.

सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण, म्हणजे कुठल्या वारंवारतेच्या वरचं कापायचं ते ठरवणारं, पूर्ण वर ठेवावं, किंवा एलएफई (सिनेमाचा खास खर्जाचा चॅनल) असं लिहिलं असेल तर तिथे. हे विसरलं की रिसीव्हरही ८० हर्ट्झला कापतो आणि सबवूफरही. दोन गाळण्या एकामागोमाग लागून नेमका ८०च्या आसपास खड्डा पडतो, वर कलाही फिरते. नाटक-सिनेमातले पुरुषी आवाज पातळ लागायला लागले की आधी हे बटण बघावं. एकाच मॉडेलच्या दोन सबवूफरांची गेन (पातळीची) बटणं अगदी सारख्या जागी ठेवावीत, मग दोघं सारखे थकतात. रिसीव्हरच्या माइकने होणाऱ्या स्वयंचलित मापनानंतर रिसीव्हरने सबची पातळी उणे १२ डेसिबलला नेऊन ठेवली असेल तर बहुतेक रिसीव्हरमध्ये तो तळ असतो. म्हणजे त्याला अजून खाली जायचं होतं. गेन कमी करून मापन पुन्हा घ्यावं. उणे २ ते उणे ८च्या दरम्यान आकडा आला की ठीक.

रिसीव्हरने सांगितलेलं सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा मीटरभर जास्त येतं तेव्हा लोक ते ‘दुरुस्त’ करायला जातात. करू नये. सबवूफरच्या आतल्या फिल्टरांमुळे आणि डिजिटल प्रक्रियेमुळे (डीएसपी) ध्वनी उशिरा निघतो, आणि रिसीव्हरला उशीर फक्त अंतराच्या भाषेत सांगता येतो. १ मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर.

मोजमापाचा माइक विकत घ्यायची तयारी असेल तर पुढचं काम कानापेक्षा त्यावर सोपवावं. यूएमआयके-१सारखा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. माइक स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवायचा नाही. सबवूफर १ एकटा, २ एकटा, मग दोन्ही एकत्र, १५ ते २०० हर्ट्झ. तिन्ही रेषा एकावर एक ठेवल्या की गोष्ट उघडी पडते. एकत्र रेषा वर असायला हवी, जिथे दोघं पूर्ण जुळतात तिथे ६ डेसिबलने वर. जिथे ती एकट्याच्या रेषेखाली जाते तिथे दोघं भांडत आहेत. मग एकाचा विलंब मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद बदलून, नाहीतर फेजचं बटण ० वरून १८० वर नेऊन पुन्हा मोजायचं. एका खुर्चीचं भलं करताना दुसरीचं वाटोळं होत नाही ना, हे बघायला किमान तीन खुर्च्या मोजाव्या लागतात. हे हाताने करण्याचा कंटाळा येईल त्यांच्यासाठी मल्टी-सब ऑप्टिमायझर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक सबवूफरचं प्रत्येक खुर्चीवरचं मापन दिलं की ते विलंब, पातळी आणि फिल्टर यांचा मेळ स्वतः शोधतं. मात्र सगळ्या मापनांत वेळ एकाच आरंभबिंदूपासून मोजलेली (टायमिंग रेफरन्स) हवी, नाहीतर कलेचा हिशेब खोटा येतो.

क्रम चुकवू नये. आधी सबवूफर एकमेकांशी जुळवायचे. मग दोघांना एकच सबवूफर समजून उंचवटे कापायचे. शेवटी तो एकत्रित सबवूफर स्पीकरशी जुळवायचा: सेंटर (मधला स्पीकर) आणि सब एकत्र वाजवून सबचं अंतर तीस-तीस सेंटिमीटरने बदलायचं आणि ६० ते ११० हर्ट्झचा पट्टा सर्वांत भरलेला कधी दिसतो ते बघायचं. बहुसंख्य घरांत बेस ‘दमदार’ नसण्याचं कारण या पट्ट्यात असतं, २० हर्ट्झला नव्हे.

इथपर्यंत आलं की रिसीव्हर आणि स्पीकर यांच्या जोडीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरला सर्वांत जास्त घाम फोडतो तो खर्ज. रिसीव्हरच्या मेन्यूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झला कापले की ते ओझं सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर जातं. उंच टॉवर स्पीकर असले तरी ‘स्मॉल’च, या शब्दाने मालकांचा अपमान होतो खरा, पण तो आकाराबद्दल नाही. स्वयंचलित मापन टॉवरना हमखास ‘लार्ज’ ठरवतं, ते नंतर हाताने बदलावं. ‘एलएफई प्लस मेन’ हा पर्याय बंद ठेवावा; त्यात तोच बेस टॉवर आणि सब दोघं वाजवतात आणि महत्प्रयासाने सपाट केलेला नकाशा पुन्हा चुरगळतो. स्पीकर जिथे थकतो त्याच्या थोडं वर क्रॉसओव्हर हवा: ६० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्याला ८० ते १००. ऑडिसी या स्वयंचलित मापन-दुरुस्ती प्रणालीच्या मापनानंतर क्रॉसओव्हर वर नेलेला चालतो, खाली आणलेला नाही, कारण त्या पट्ट्यात स्पीकरची दुरुस्ती झालेलीच नसते. सबवूफर सोफ्याच्या मागे जवळ असेल तर ८०च्या वर जाणं टाळावं, आवाज मागून येतोय हे कळायला लागतं.

आता वॅट. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल, म्हणजे ८ ओमच्या स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर ८७. सोफा ३ मीटरवर. मोकळ्या जागी साडेनऊ डेसिबल गळतील, खोलीत भिंती थोडं परत देतात, म्हणून सात धरू. सोफ्यावर १ वॅटला ८० डेसिबल. सिनेमागृहाच्या संदर्भ पातळीला प्रत्येक मुख्य चॅनलचे कमाल झटके १०५ डेसिबलचे असतात. २५ डेसिबल वर जायला ३१६ वॅट लागतील. कुठल्याही साध्या रिसीव्हरच्या आवाक्याबाहेर! पण घरी संदर्भ पातळीला कुणी ऐकत नाही. व्हॉल्यूम उणे १०वर, म्हणजे संदर्भ पातळीच्या १० डेसिबल खाली असेल तर ३२ वॅट, उणे २०वर जेमतेम ३. तेही क्षणभराच्या झटक्यांना. हा हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा कागदावर मांडला की ९० वॅटचा रिसीव्हर घ्यावा की १२० वॅटचा, ही रात्रीची झोप उडवणारी चिंता मिटते. त्या दोघांतला फरक सव्वा डेसिबलचा आहे. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर सबवूफरच्या दोन स्वतंत्र आउटपुटसाठी आणि प्री-आउटसाठी (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) मोजावेत.

वॅटचा आकडा वाचतानाही शेपूट वाचावं. ‘८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती (डिस्टॉर्शन), दोन चॅनल’ हा प्रामाणिक आकडा. ‘६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनल’ हा त्याच यंत्राचा जाहिरातीतला आकडा. संवेदनशीलतेतही अशीच मेख असते: ती बहुधा २.८३ व्होल्टला मोजतात, आणि ४ ओमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या व्होल्टला १ नव्हे तर २ वॅट जातात. ८८चा स्पीकर खरं म्हणजे वॅटमागे ८५चा.

ओमचा धसका मात्र अगदी निराधार नाही. प्रमाणानुसार स्पीकरचा किमान अडथळा (ओममध्ये मोजला जाणारा इम्पीडन्स) नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ४ ओमवाला ३.२पर्यंत उतरू शकतो. तिथे रिसीव्हर तापतो, आणि कपाटात कोंबलेला असेल तर मोठ्या प्रसंगातच नेमका बंद पडतो. वर किमान दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळं ठेवावं. ४ ओमची सेटिंग असते ती बहुतेकदा आतला व्होल्टेज कमी करते. यंत्र थंड राहतं, पण ताकद जाते. चार ओमचे तीन स्पीकर पुढे असतील आणि जोरात ऐकायची सवय असेल तर प्री-आउटमधून पुढच्या तिघांना वेगळं पॉवर ॲम्प्लिफायर द्यावं. त्याचं गेन २९ डेसिबल असेल तर प्री-आउटच्या १ व्होल्टला ८ ओममध्ये १०० वॅट निघतात; रिसीव्हर तेवढा व्होल्ट स्वच्छ देतो ना, एवढं पाहिलं की झालं.

केबलबद्दल एकच हिशेब. जाण्यायेण्याच्या तारेचा मिळून रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांखाली हवा. १० मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध ०.१४ ओम, ४ ओमलाही चालतो, १.५च्या तारेचा ०.२३, तो ४ ओमला जास्त. यापलीकडे केबलवर खर्च करायचं कारण नाही.

दुसरा सबवूफर आला की दोन नव्या कटकटी हमखास येतात. पहिली खडखड. ती बऱ्याचदा सबवूफरची नसून खिडकीच्या काचेची किंवा शोकेसच्या दाराची असते. २० ते १०० हर्ट्झचा सूर अगदी हळू चढवत न्यायचा, आणि जिथे खडखड सुरू होते तिथे सूर थांबवून हाताने एकेक वस्तू दाबत जायचं. दुसरी गुणगुण, मेन्सच्या ५० किंवा ६० हर्ट्झची, विशेषतः मागचा सबवूफर दूरच्या सॉकेटला लावलेला असतो तेव्हा. रिसीव्हरकडून येणारी आरसीए केबल काढल्यावर ती थांबली तर तो अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे दोन सॉकेटांच्या अर्थमधून केबलमार्गे फिरणारा प्रवाह. एक्स्टेन्शन ओढून सगळं एकाच सॉकेटवर आणावं, नाहीतर सिग्नलच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. मात्र तो २० हर्ट्झपर्यंत सपाट असलेला हवा, स्वस्तातले खालचा बेसच गिळतात. प्लगची अर्थ पिन काढूनही गुणगुण थांबते, पण मग आत कधी बिघाड झाला तर वीज सबवूफरच्या धातूच्या पाठीवर येते आणि केबलमार्गे रिसीव्हरवर. ते अजिबात करू नये.